वाघाच्या पायाखालचा दगड

नागपुरात कोणी शनिवार-रविवार गाठून पेंच, ताडोबा किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला जाऊन आला की सोमवारी कार्यालयात त्याला एकच प्रश्न विचारला जातो: "दिसला का?" कोण दिसला, हे विचारणाऱ्याला सांगावे लागत नाही आणि उत्तर देणाऱ्यालाही. दिसला असेल तर छायाचित्रे पुढे केली जातात. नसेल तर जंगलात घालवलेले दोन दिवस वाया गेले, असे समजून विषय बदलला जातो. वाघाविषयी माझ्या मनात आदरच आहे. विदर्भातील जंगलांना आज जे संरक्षण मिळाले आहे, ते मुख्यतः त्याच्यामुळे मिळाले, हे मान्य करायला हवे. पण गेली अनेक वर्षे नागपूरच्या चारही दिशांना असलेल्या अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत कुटुंबासह जात असताना मला एक गोष्ट अधिकाधिक पटत गेली आहे. ही जंगले एकमेकांपेक्षा इतकी वेगळी का आहेत, एका जंगलात सागवान दाट आणि दुसऱ्यात बांबू दाट का, एका ठिकाणी उन्हाळ्यात नाले कोरडे पडतात आणि दुसरीकडे डोह टिकून राहतात ते का, या प्रश्नांच्या उत्तराची सुरुवात झाडांपासून नव्हे, तर झाडांखालच्या खडकापासून करावी लागते. तो खडक पाहायला परवाना लागत नाही, नशीब लागत नाही आणि तो कधी दर्शन नाकारत नाही.

नागपूरकरांना या बाबतीत जे भाग्य लाभले आहे, ते महाराष्ट्रातील फार थोड्या शहरांना लाभले असेल. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथील माणूस कोणत्याही दिशेला तासभर गेला तरी त्याच्या पायाखाली बहुधा तोच काळा पाषाण असतो, कारण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकांतून थरावर थर पसरलेल्या लाव्हाने राज्याचा बहुतांश भाग झाकून टाकला आहे. आजही हा दख्खनचा बेसाल्ट जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, आणि पूर्वेकडे येता येता तो पातळ होत होत नागपूरपाशी संपतो. सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीची टेकडी या त्या लाव्हाच्या पूर्वेकडील टोकाच्या टेकड्या आहेत. शहराच्या पूर्वेला गेलात की लाव्हाच्या कितीतरी आधीचे, शंभर कोटी वर्षांहून जुने रूपांतरित, म्हणजे दाब आणि उष्णतेने बदललेले, खडक लागतात. उत्तरेला कामठी-सिलेवाड्याकडे कोळसा पोटात घेऊन असलेला गोंडवना काळातील, म्हणजे सुमारे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा, वालुकाश्म लागतो. ईशान्येला रामटेक-मनसरच्या टेकड्या वेगळ्याच घडणीच्या आहेत. सकाळी घरून निघून दुपारच्या जेवणापर्यंत पृथ्वीच्या इतिहासातील तीन-चार अगदी निराळ्या काळांवर पाय ठेवून यायचे असेल, तर नागपूरसारखे शहर नाही.

याचा पुरावा शेतातही दिसतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर या पश्चिमेकडील तालुक्यांत बेसाल्टपासून झालेल्या काळ्या जमिनीत संत्र्यांच्या बागा आणि कापूस. रामटेक, मौदा ओलांडून भंडाऱ्याकडे गेलात की धानाच्या बांध्या आणि गावोगावी तलाव. जंगलही याच हिशेबाने बदलते. म्हणून मी नव्याने फिरू लागणाऱ्यांना सांगत असतो की पहिल्या वर्षी निदान एक जंगल पश्चिमेचे पाहावे, एक ईशान्येचे आणि एक दक्षिणेचे. एकाच उद्यानाच्या त्याच प्रवेशद्वारातून पुन्हा पुन्हा जाण्यापेक्षा त्यातून कितीतरी अधिक पदरात पडते.

पश्चिमेकडील जंगल म्हणून मी बोर निवडतो. वर्धा जिल्ह्यातील हे अभयारण्य 2014 साली व्याघ्र प्रकल्प झाले. सुमारे 138 चौरस किलोमीटरचे हे जंगल देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक मानले जाते, आणि त्यामुळेच बहुधा तिथे ताडोब्यासारखी गर्दी नसते. बोरच्या टेकड्यांकडे जरा दुरून पाहिले तर त्यांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एक लोंढा. लोंढ्याचा खालचा आणि मधला भाग हळूहळू थंड झाल्यामुळे घट्ट आणि टणक असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो आणि तो लवकर झिजून त्याचा मुरूम होतो. दोन लोंढ्यांच्या मध्ये कधीकधी विटकरी रंगाच्या मातीचा पातळ पट्टा दिसतो. पहिला लोंढा थंड झाल्यावर त्याच्या पृष्ठभागाची जी झीज झाली, ती दुसऱ्या लोंढ्याखाली भाजून निघाली, तिचा तो पट्टा. पावसाचे पाणी सच्छिद्र थरातून झिरपत खाली येते आणि टणक थर लागला की आडवे वाहत उतारावर कुठेतरी बाहेर पडते. टेकडीच्या मध्यावरच, भोवती सगळे करपलेले असताना, हिरव्या झुडपांची एक ओळ एप्रिलमध्येही दिसते ती यामुळे. जनावरांच्या पायवाटाही त्या ओळीकडेच वळलेल्या असतात.

तिथे आमच्यासोबत असलेल्या स्थानिक मार्गदर्शकाला मी उतारावरची झाडे मध्येच का बदलली, असे विचारले. त्याने भूशास्त्र शिकलेले नव्हते, पण त्याचे उत्तर नेमके होते. "सर, वरच्या दगडाले सागवान धरत नाही. तिथं सालईच राहते. खाली माती आहे, तिथं सागवान." गाडी थोडी पुढे गेल्यावर त्याने कुलूचे झाड दाखवले. ज्या उघड्या कातळावर इतर झाडे तग धरत नाहीत, तिथे हे पांढऱ्या, गुळगुळीत सालीचे झाड मुळे फटींत खुपसून उभे असते, आणि रात्री चंद्रप्रकाशात ते चमकते म्हणून लोक त्याला भुताचे झाड म्हणतात. त्या एका उतारावर पाहण्यासारखा क्रम होता. माथ्यावर सालई आणि कुलू, मधल्या मुरमाड भागात धावडा आणि तेंदू, खाली मातीच्या थरात सरळसोट सागवान, आणि नाल्याच्या काठाला अर्जुन. झाडांची नावे सांगणारे फलक आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहेत. ते झाड तिथेच का उभे आहे, हे सांगणारा फलक मात्र मी अजून पाहिलेला नाही.

बोरपर्यंत जाणे जमत नसेल त्यांच्यासाठी गोरेवाडा आहे. शहराला लागून असलेल्या या जंगलात आणि तलावाच्या परिसरात सकाळी पायी किंवा सायकलवर फिरता येते. इथला खडकही तोच बेसाल्ट. पायवाटेवर पडलेला एखादा काळा दगड उचलून जवळून पाहिला तर त्यावर पांढरे, हिरवट ठिपके दिसतात. लाव्हा थंड होताना त्यातील वायूच्या बुडबुड्यांची जी पोकळी राहिली, तिच्यात नंतरच्या काळात झिरपलेल्या पाण्यातून कॅल्साइट, गारगोटी किंवा झिओलाइट ही खनिजे साचत गेली, त्यांचे हे ठिपके. माझ्या मुलीने असा एक दगड भिंगाखाली पाहिला तेव्हा एका मुगाएवढ्या पोकळीच्या आत, भिंतीला चिकटून, सगळ्या बाजूंनी मध्याकडे टोके केलेले स्फटिक उभे होते. बघून झाल्यावर दगड होता तिथे ठेवला. हे सांगणे मला आवश्यक वाटते. 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार जंगलातील दगड आणि खनिजेदेखील वनोपजच ठरतात, आणि अभयारण्यातून काहीही उचलून नेणे हा गुन्हा आहे. मुलांना दगड गोळा करण्याची आवड असेल तर ती रस्त्याच्या कामावरच्या गिट्टीत किंवा विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या ढिगाऱ्यात भागवावी. नागपुरात त्याला तोटा नाही.

गोरेवाड्याजवळच टाकळी हा भाग आहे, जो आता शहरात पूर्ण मिसळून गेला आहे. 1845 मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या परिसरातून गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया आणि हाडे यांचे जीवाश्म गोळा केले. हे जीवाश्म लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडतात. याचा अर्थ असा की एक उद्रेक थांबल्यावर दुसरा होईपर्यंत इथे इतका दीर्घ काळ शांततेत गेला की तळी साचली, त्यांच्या काठाने झाडे वाढली, तळ्यांत गोगलगायी नांदल्या, आणि नंतर पुढच्या लोंढ्याने ते सगळे झाकून टाकले. ज्या हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय नागपूरकरांना ठाऊक आहे, तेच हे. 1863 मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडून मरण पावले. काटोल मार्गावरील जुनापाणी येथे अशीच लोहयुगातील शिळावर्तुळे आहेत, आणि काळ्या दगडांच्या त्या वर्तुळांत काही दगडांवर मुद्दाम कोरलेले वाटीसारखे खळगे आजही बोटांना लागतात. जीवाश्म आणि शिळावर्तुळे यांची ही सकाळ जंगलात गेल्याइतकीच समृद्ध असते, आणि तिला प्रवेशशुल्कही लागत नाही.

आता ईशान्येकडे. जबलपूर रस्त्याने मनसरपर्यंत गेलात की भूमीचा रंग बदलतो. मनसर आणि कांद्री येथील मँगनीजच्या खाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आल्या आहेत. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांच्या येथील खडकाला भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी 1909 मध्ये 'गोंडाइट' असे नाव दिले, ते इथल्या गोंड लोकांवरून. रामटेकचा गड ज्या टेकडीवर आहे, ती टेकडी समुद्रतळाशी साचलेल्या वाळू-चिखलाच्या थरांवर प्रचंड दाब आणि उष्णता पडून तयार झालेल्या खडकांची आहे. गडाच्या पायऱ्या चढून जाण्याऐवजी थोडे बाजूच्या वाटेने जावे आणि धूळ चिमटीत घ्यावी. बोटे एकमेकांवर घासली की त्यांना अभ्रकाचे बारीक, चंदेरी पापुद्रे चिकटतात आणि ते सहज पुसले जात नाहीत. काळ्या बेसाल्टच्या मुलखातून आलेल्या माणसाला हा अनुभव अगदी नवा असतो, कारण तिकडच्या मातीत असे चकाकणारे काही नसते. माथ्यावरून पाहिले तर खिंडसीचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. तिथे नौकाविहाराची चांगली सोय आहे, आणि ज्यांच्या घरात जंगल, दगड यांचा कंटाळा येणारी मंडळी आहेत, त्यांनी त्यांना तिथे सोडून निश्चिंतपणे गडावर यावे.

पेंच हे माझे सर्वांत आवडते जंगल आहे. महाराष्ट्राच्या बाजूचे राष्ट्रीय उद्यान सुमारे 257 चौरस किलोमीटरचे आहे, त्याला लागून मानसिंगदेव अभयारण्य आहे, आणि मधून वाहणाऱ्या पेंच नदीवर तोतलाडोहचे धरण आहे. सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली, कोलितमारा अशी वेगवेगळी प्रवेशद्वारे असली तरी बहुतेक पर्यटक खुर्सापारला जातात, कारण तिथे वाघ अधिक दिसतो असा लौकिक आहे. मला कोलितमारा अधिक भावते. तिथून जलाशयाच्या बाजूने जंगल पाहता येते आणि पाण्याची पातळी खाली गेलेली असेल तर काठाला खडक उघडे पडलेले असतात. ते पट्ट्यापट्ट्यांचे असतात. काळ्या अभ्रकाचा पट्टा, त्यावर पांढरट-गुलाबी खनिजांचा पट्टा, पुन्हा काळा. भूपृष्ठाच्या खोल पोटात हा खडक तापून मऊ झाला, दाबला गेला, आणि काही ठिकाणी तर या पट्ट्यांच्या घड्या पडल्या. शंभर कोटी वर्षांपेक्षा जुना खडक नजरेसमोर घडी पडलेल्या अवस्थेत पाहताना मला जे वाटते, ते वाघ दिसल्यावर वाटणाऱ्या आनंदापेक्षा निराळे आहे, पण कमी मुळीच नाही.

हा खडक मुळात सच्छिद्र नाही. पाणी त्यात झिरपते ते केवळ भेगांमधून. म्हणून नदीच्या पात्रात जिथे कठीण खडकाचा आडवा उंबरठा आहे, त्याच्या मागे पाणी अडून राहते आणि प्रवाह थांबल्यावरही उन्हाळाभर डोह शिल्लक राहतात. सांबर, गवे, रानकुत्री आणि वाघ मे महिन्यात याच डोहांभोवती एकवटतात. पर्यटक ज्याला 'चांगले साइटिंग' म्हणतात, त्याच्या मुळाशी हा खडक आहे. पारशिवनीजवळ घोगरा महादेव येथे पेंचचे असेच उघडे खडकाळ पात्र जवळून पाहता येते. तिथे अभयारण्याचे नियम लागू नसल्यामुळे पायी हिंडता येते, खडकावर बसून डबा खाता येतो. पावसाळ्यात आणि धरणातून पाणी सोडलेले असताना मात्र पात्रात उतरू नये. शेवाळलेला खडक आणि अचानक वाढणारे पाणी यांनी दरवर्षी कुठे ना कुठे जीव घेतलेले आपण वाचतोच.

पेंचला मुक्काम करण्याचे आणखी एक कारण आता झाले आहे. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे कृत्रिम प्रकाशापासून रात्रीचे आकाश जपलेले उद्यान, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघोली गावाजवळ आकाशदर्शनासाठी मनोरा उभारला गेला, आणि वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील रस्त्यांवरील दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवण्यात आली. गावकऱ्यांनी यात दिलेली साथ मला फार महत्त्वाची वाटते, कारण ज्यांच्या अंगणात बिबट्या येऊ शकतो, त्यांनी प्रकाश कमी करायला राजी होणे ही लहान गोष्ट नाही. हिवाळ्यात अमावास्येच्या आसपासची रात्र निवडली तर नागपुरात जन्म काढलेल्या मुलांना आकाशगंगेचा पट्टा पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

मुक्कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याबाबत मला सर्वाधिक विचारणा होते. आपला तंबू घेऊन जंगलात वाटेल तिथे राहण्याची मुभा आपल्याकडील व्याघ्र प्रकल्पांत नाही, आणि ती नसावी असेच माझे मत आहे. गाभा क्षेत्रात, म्हणजे सर्वाधिक संरक्षित आतल्या भागात, प्रवेश ठरलेल्या द्वारातून, ठरलेल्या वेळेत, मार्गदर्शकासह आणि गाडीतूनच होतो. ठरवून दिलेल्या जागा सोडून खाली उतरता येत नाही. मुक्काम करायचा तो वनविभागाच्या किंवा वनविकास महामंडळाच्या संकुलांत, किंवा गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रातील गावांजवळच्या निवासांत. यांपैकी काही ठिकाणी तंबूंची सोय असते. शेतावर किंवा तलावाकाठी परवानगीने स्वतःचा तंबू लावायचा असेल तर जमिनीकडे आधी पाहावे. मुरमाची, किंचित उताराची जागा सर्वांत उत्तम, कारण तिथे पाणी साचत नाही आणि खुंट्याही घट्ट बसतात. काळ्या मातीवर कोरड्या दिवसांत भेगांमुळे खुंटी धरत नाही आणि अवकाळी पाऊस आला तर तासाभरात चपलेसकट पाय अडकतो. उघड्या बेसाल्टवर खुंटी जातच नाही, तिथे तंबूच्या दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्या लागतात. नाल्याचे कोरडे, वाळूचे पात्र कितीही आमंत्रण देत असले तरी तिथे झोपू नये.

वेळेचे म्हणायचे तर, गाभा क्षेत्र पावसाळ्यात साधारण जुलै ते सप्टेंबर बंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवेगार असते, पण गवत उंच असल्यामुळे जमीन दिसत नाही. ज्यांना खडक, भूरूपे आणि झाडांचा क्रम पाहायचा आहे, त्यांनी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत जावे. सागवानाची पाने गळलेली असतात, टेकड्यांचे सांगाडे उघडे पडलेले असतात, पळस फुललेला असतो, मोहाची फुले पडू लागतात आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस, अजून लांब असतो. मे महिन्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभागाकडून पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसण्याचा निसर्गानुभव उपक्रम होतो. त्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते आणि रात्रभर न बोलता बसण्याची तयारी लागते. ज्यांना ती आहे, त्यांनी तो अवश्य घ्यावा.

पूर्वेकडील नवेगाव-नागझिऱ्याविषयी थोडक्यात. हा प्रदेश जुन्या, पाणी फारसे न झिरपू देणाऱ्या खडकांचा आहे, आणि हे ओळखूनच कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी दोन टेकड्यांमधील अरुंद जागा मातीच्या पाळीने अडवून शेकडो तलाव बांधले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरेने सांगितले जाते. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात. खडक समजून घेऊन उभारलेली एवढी टिकाऊ व्यवस्था पाहिली की भूशास्त्र हा केवळ प्रयोगशाळेचा विषय आहे, असे म्हणवत नाही.

दक्षिणेकडचे ताडोबा सर्वांना ठाऊक आहे. 1955 मध्ये घोषित झालेले हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान. चंद्रपूरहून मोहर्लीच्या द्वाराकडे जाताना दुर्गापूर आणि पद्मापूरच्या कोळसा खाणी रस्त्याजवळ लागतात, आणि बहुतेक गाड्यांच्या काचा धुळीमुळे त्या वेळी बंद केलेल्या असतात. मी सांगेन की त्या टप्प्यात काच बंद ठेवा, पण बाहेर पाहा. तो कोळसा म्हणजेही एक जंगलच आहे, पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचे. त्या जंगलात फुलझाडे नव्हती, गवत नव्हते. जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसोप्टेरिस नावाची वनस्पती विपुल होती. तिचे जीवाश्म कामठीच्या वालुकाश्मात सापडले आहेत, आणि तिचेच जीवाश्म दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका इथेही मिळतात. हे सर्व भूभाग एकेकाळी जोडलेले होते, या निष्कर्षाच्या प्रमुख आधारांपैकी ती एक आहे. त्या जोडलेल्या महाखंडाला आज सगळे जग जे गोंडवना हे नाव देते, ते आपल्याच या मुलखाचे नाव आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसवलेल्या शहरातील रहिवाशांना हे शाळेतच समजायला हवे.

आणि ताडोब्याच्या बांबूविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. नागपूर-चंद्रपूर महामार्गावर वरोरा लागते. या तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. लाव्हाच्या आधी साचलेल्या तिथल्या गाळाच्या खडकांत टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, अवाढव्य, शाकाहारी डायनोसॉरांच्या हाडांबरोबर विष्ठेचे जीवाश्म सापडतात. गवताच्या पेशींत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि वनस्पती कुजून गेली तरी ते टिकतात. प्रत्येक गटाच्या गवतात त्यांचा आकार निराळा असतो. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, तसेच अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठा-जीवाश्मांत हे कण शोधून काढले आणि 2005 मध्ये ते जगापुढे मांडले. तोवर समज असा होता की गवताचा विस्तार डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर झाला. वरोऱ्याच्या त्या दगडांनी दाखवून दिले की डायनोसॉर गवत खात होते, आणि त्या गवतांत आजच्या भात आणि बांबू यांच्या कुळांशी नाते सांगणारे प्रकारही होते. ताडोब्यात बांबूच्या बेटाआडून गवा कोवळे कोंब ओरबाडताना दिसतो, तेव्हा आमच्या गाडीतील बाकीचे लोक पुढे चला म्हणतात. मला तिथे थांबावेसे वाटते. याच मुलखात साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दुसरे कोणी त्याच कुळातील गवत खाऊन गेले, आणि त्याचा पुरावा आपण येताना ओलांडून आलेल्या तालुक्यात आहे, हे ठाऊक असल्यावर ते दृश्य साधे राहत नाही.

माझी एक सूचना आहे आणि ती अवघड नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मोठे कार्यालय नागपुरातच सेमिनरी हिल्सला आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग नागपुरात आहे, आणि वनविभागाचे राज्य मुख्यालयही इथेच आहे. या तिघांनी मिळून प्रत्येक प्रवेशद्वारावर त्या जंगलाच्या खडकाची माहिती देणारा एक फलक मराठीत लावावा, शेजारी हात लावून पाहता येईल असा त्याच खडकाचा एक मोठा तुकडा ठेवावा, आणि मार्गदर्शकांच्या वार्षिक प्रशिक्षणात एक दिवस या विषयासाठी राखावा. बोरच्या त्या मार्गदर्शकासारख्या माणसांना झाडे आणि दगड यांचा संबंध आधीच माहीत आहे. त्यांना फक्त थरांची नावे आणि वये सांगायची आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारच्या फेरीसाठी गाड्यांची रांग लागते आणि मुले अर्धा-पाऊण तास द्वारापाशी ताटकळत असतात. तो फलक आणि तो दगड नेमका तिथे असावा.